३५५ विरुद्ध १६९

१९५६ च्या ऑक्टोबरात मुंबईत काँग्रेसच्या आमदारांनी आपला नेता मते टाकून निवडला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. गोळीबारात शंभराहून अधिक माणसे गेली होती. तोडगा म्हणून संसदेने गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा आणि विदर्भ एकत्र बांधणारे द्वैभाषिक मुंबई राज्य मंजूर केले होते, आणि त्याचा पहिला मुख्यमंत्री ठरायचा होता. मोरारजी देसाई आधीच मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, त्यामुळे पद त्यांच्याकडेच जाणार असे धरून चालले होते. त्यांची अट एकच होती, निवड बिनविरोध झाली पाहिजे. भाऊसाहेब हिरे यांनी ती मानली नाही, ते उभे राहिले. मग मोरारजी बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाण पुढे आले. मोजणी झाली तेव्हा चव्हाणांना ३३३ आणि हिरे यांना १११ मते पडली होती. १ नोव्हेंबरला यशवंतरावांनी शपथ घेतली.

महाराष्ट्राच्या राजकारणात या मतदानाची आठवण बहुधा यशवंतरावांच्या उदयाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यात मोरारजींची ती अट जास्त महत्त्वाची वाटते. कारण पुढच्या दहा वर्षांत हाच माणूस दिल्लीत बरोबर उलटी मागणी घेऊन उभा राहिला. मतदान घ्या, गुप्त घ्या आणि मोजा, असे तो म्हणत राहिला. तेव्हा बिनविरोध निवडीचा आग्रह इतरांचा होता. काँग्रेसमध्ये नेता कसा निवडला जातो आणि कसा बदलला जातो, हे समजून घ्यायला मोरारजींच्या या प्रवासाइतकी चांगली वाट दुसरी नाही.

१९६३ साल काँग्रेसला वाईट गेले. चीनकडून झालेल्या पराभवाची जखम ताजी होती. अमरोह्यातून आचार्य कृपलानी, फर्रुखाबादमधून राममनोहर लोहिया आणि राजकोटमधून मिनू मसानी असे पंडित नेहरूंचे तीन कडवे टीकाकार पोटनिवडणुका जिंकून लोकसभेत आले. मद्रासचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी तेव्हा एक योजना मांडली. ज्येष्ठांनी सत्तेची पदे सोडून पक्षाच्या कामाला लागावे, असे तिचे म्हणणे. ऑगस्टमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने ती उचलून धरली. सगळ्यांनी राजीनामे दिले, त्यांतले कोणाचे स्वीकारायचे हे नेहरूंनी ठरवले. सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री घरी गेले. केंद्रातून गेले ते मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील, गोपाल रेड्डी आणि श्रीमाळी. ही सारी खटपट आपल्याला वारसाच्या रांगेतून बाहेर काढण्यासाठी होती, असे मोरारजींचे मत झाले आणि ते शेवटपर्यंत टिकले.

ते मत अगदीच निराधार म्हणता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिरुपतीला देवदर्शनाच्या निमित्ताने काही मोठे नेते एकत्र आले. कामराज, आंध्रचे नीलम संजीव रेड्डी, म्हैसूरचे निजलिंगप्पा, बंगालचे अतुल्य घोष. हिंदी पट्ट्याबाहेरच्या, आपापल्या प्रांतात संघटनेवर पकड असलेल्या या माणसांना दिल्लीत मोरारजी नको होते. मोरारजी कोणाचे ऐकत नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मुंबईचे स. का. पाटीलही पुढे या वर्तुळात आले आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘सिंडिकेट’ हे नाव दिले. कामराज पक्षाध्यक्ष झाले. १९६४ च्या जानेवारीत भुवनेश्वरच्या अधिवेशनात नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला, आणि त्याच महिन्यात शास्त्री बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आले. मोरारजींना मात्र बोलावणे आले नाही.

२७ मे १९६४ रोजी नेहरू गेले. गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले आणि सतरा वर्षांत न पडलेला प्रश्न समोर आला. पक्षाच्या घटनेनुसार संसदीय पक्षाने आपला नेता निवडायचा, म्हणजे खासदारांनी. वाट सरळ होती. पण कार्यकारिणीने कामराजांवर वेगळे काम सोपवले. त्यांनी सर्वांशी बोलावे आणि पक्षाचा कल काय आहे ते सांगावे. कामराजांनी एकेक खासदाराला भेटायला सुरुवात केली. खोलीत एकावेळी एक जण, दोन-चार मिनिटांची भेट, मितभाषी कामराज ऐकून घेत आणि पुढच्याला बोलावत. मुख्यमंत्र्यांचे मतही त्यांनी घेतले, कार्यकारिणीच्या सदस्यांचेही. शेवटी त्यांनी सांगितले की कल शास्त्रींकडे आहे. किती जणांनी कोणाचे नाव घेतले, याचा तक्ता कोणापुढे ठेवला गेला नाही.

मोरारजींनी निकाल मान्य केला. २ जून रोजी संसदीय पक्षाच्या बैठकीत नंदांनी शास्त्रींचे नाव सुचवले आणि मोरारजींनी अनुमोदन दिले. बाहेरच्या जगाने भारताच्या शहाणपणाचे कौतुक केले, आणि ते योग्यही होते. नेहरूंसारखा माणूस गेल्यावर आठवड्याभरात, रस्त्यावर एक दगड न पडता देशाला नवा पंतप्रधान मिळाला. शास्त्रींना तेव्हा खरोखरच बहुसंख्यांचा पाठिंबा होता, मतदान झाले असते तरी तेच निवडून आले असते असे मला वाटते. प्रश्न निकालाचा नव्हताच. ज्याचा पराभव झाला त्याला आपला पराभव किती मतांनी झाला हे कधीच कळले नाही, आणि ज्याने मोजले तो स्वतः त्या सामन्यात एका बाजूचा होता. मोरारजींच्या मनात हे सलत राहिले.

दीड वर्षाने तोच प्रसंग पुन्हा आला. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदचा करार झाला आणि त्याच रात्री, तारीख ११ लागल्यावर शास्त्रींचे हृदय थांबले. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव शिष्टमंडळाबरोबर ताश्कंदमध्येच होते. दिल्लीत नंदा पुन्हा हंगामी पंतप्रधान झाले. शास्त्रींचा पार्थिव देह दिल्लीत येईपर्यंतच नावांची जुळवाजुळव सुरू झाली होती. नंदांना या वेळी हंगामी राहायचे नव्हते. जगजीवनराम आणि स. का. पाटील यांची नावे निघत होती, यशवंतरावांचेही निघत होते. अतुल्य घोषांनी कामराजांनाच उभे राहण्याची गळ घातली, पण धड हिंदी नाही आणि धड इंग्रजीही नाही अशा माणसाने या देशाचा पंतप्रधान होऊ नये, असे सांगून त्यांनी ती मोडून काढली. पद समोर आलेले असताना स्वतःची मर्यादा इतक्या स्वच्छ ओळखणारा नेता आपल्या राजकारणात क्वचितच दिसतो.

कामराजांनी निवड केली इंदिरा गांधींची. त्या माहिती व नभोवाणी मंत्री होत्या आणि राज्यसभेच्या सदस्य होत्या. मंत्रिमंडळात त्यांचे स्थान फार वरचे नव्हते. पण वर्षभरावर सार्वत्रिक निवडणूक आली होती, आणि काश्मीरपासून मद्रासपर्यंत सभेला गर्दी खेचील असे नाव नेहरूंच्या मुलीचेच होते. त्या कोणत्याही प्रांताच्या गटात बसत नव्हत्या. शिवाय त्या आपल्या सल्ल्याने चालतील, अशी ज्येष्ठांची समजूत होती. सिंडिकेटमधल्या सगळ्यांना हे नाव मनापासून पटले नव्हते. पण मोरारजींना अडवायचे तर दुसरे नाव चालणार नाही, हे हळूहळू सगळ्यांना कळले.

मोरारजींनी या वेळी खोलीतल्या भेटींना साफ नकार दिला. कल बघण्याची पद्धत आपण एकदा पाहिली आहे, आता मतदान होऊ द्या, ही त्यांची भूमिका होती. ज्येष्ठांना हे अडचणीचे वाटले. पक्ष दुभंगेल, जनतेसमोर शोभा होईल, युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला हे परवडणार नाही, असे सगळे सांगून झाले. मोरारजी हलले नाहीत. अखेर १९ जानेवारी ही तारीख ठरली.

त्यानंतरच्या चार दिवसांत जे घडले, त्यात खरी सत्ता कुठे होती हे दिसले. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी मुख्यमंत्र्यांना एकत्र केले, आणि १५ जानेवारीला आठ मुख्यमंत्र्यांनी इंदिरा गांधींना पाठिंबा जाहीर केला. आणखी काही जण मागून आले. मतदानाचा हक्क मुख्यमंत्र्यांना नव्हता, तो खासदारांचा होता. पण खासदाराचे तिकीट कोणाच्या हातात होते? १९६७ च्या उमेदवारांच्या याद्या प्रदेश काँग्रेसकडून निघणार होत्या, आणि प्रदेश काँग्रेस बहुतेक ठिकाणी मुख्यमंत्र्याच्या शब्दावर चालत होती. निवडणुकीचा पैसा, गाड्या, कार्यकर्ते, तालुक्यातली साखळी, सगळे त्याच्याच हाती होते. आपला मुख्यमंत्री कोणाकडे आहे हे कळल्यावर खासदाराला वेगळे सांगावे लागत नसे. मुख्यमंत्री खासदारांवर दडपण आणत आहेत, अशी तक्रार मोरारजींनी केली. तक्रार खरी होती. गुजरात मोरारजींबरोबर राहिला, उत्तर प्रदेशात सी. बी. गुप्ता यांचा गटही. महाराष्ट्राचे वजन दुसऱ्या पारड्यात पडले. ज्या यशवंतरावांचे नाव स्वतः उमेदवार म्हणून घेतले जात होते, ते शर्यतीत उतरलेच नाहीत. त्यांनी तेव्हा उडी घ्यायला हवी होती, असे म्हणणारे लोक महाराष्ट्रात पुढे बरीच वर्षे भेटत राहिले.

१९ जानेवारीला सकाळी इंदिरा गांधी राजघाटावर आणि शांतिवनात जाऊन आल्या. संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात दोन्ही सभागृहांचे काँग्रेसचे खासदार जमले. १९४६ च्या डिसेंबरपासून घटना समितीच्या बैठका याच सभागृहात झाल्या होत्या. एकेकाचे नाव पुकारले जाई, तो जाऊन मतपत्रिका टाकून येई. मतदान गुप्त होते, म्हणून त्या क्षणापुरते तिथे कोणी मुख्यमंत्री नव्हता, कामराज नव्हते, तिकीट नव्हते. बाहेर पत्रकार आणि गर्दी ताटकळत होती. मोजणी संपली. इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मते.

पहिल्या आकड्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याकडे कोणी फारसे पाहत नाही, आणि मला तोच मोठा वाटतो. पक्षाध्यक्ष विरोधात, बहुतेक मुख्यमंत्री विरोधात, नेहरूंचे नाव विरोधात, आणि तरीही दर तीन खासदारांमागे जवळजवळ एकाने मोरारजींना मत दिले. खोलीतल्या भेटींतून हा आकडा कधीच बाहेर आला नसता. कामराजांनी अगदी प्रामाणिकपणे कल सांगितला असता तरी ‘बहुसंख्य इंदिराजींकडे’ एवढेच कळले असते. उरलेले १६९ जण ‘बहुसंख्य’ या शब्दाखाली गाडले गेले असते.

आणि काय बिघडले? ज्याची भीती घातली गेली होती, त्यातले काही झाले नाही. पक्ष फुटला नाही. मोरारजींनी निकाल मान्य केला, इंदिराजींचे अभिनंदन केले, आणि प्रशासन सुधारणा आयोगाचे अध्यक्ष म्हणून आपल्या कामाला लागले. त्यांच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी कोणाला पक्ष सोडावा लागला नाही, कारण मते गुप्त होती. २४ जानेवारीला इंदिरा गांधींनी शपथ घेतली. हरलेल्या माणसाला आपले बळ किती ते कळले, जिंकलेल्या बाईंनाही समोरच्याचे बळ कळले, आणि दोघेही एकाच पक्षात राहिले. स्वतंत्र भारतात पंतप्रधानपदासाठी सत्ताधारी पक्षात झालेली ही पहिली खरी लढत होती. काँग्रेसने ती आपला मानाचा तुरा म्हणून मिरवायला हवी होती. पक्षाच्या धुरीणांनी मात्र ती पुन्हा येऊ न देण्याचा निश्चय केला, आणि तो जवळजवळ तडीस नेला.

१९६७ च्या निवडणुकीत लोकसभेत काँग्रेस २८३ जागांवर आली आणि अनेक राज्ये हातची गेली. नेते ठरवणारे नेते स्वतःच पडले. विरुधुनगरला कामराजांना द्रमुकच्या एका तरुण विद्यार्थी नेत्याने हरवले. दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना घरी बसवले, तिकडे अतुल्य घोषही पडले. मोरारजी सुरतेहून निवडून आले आणि त्यांनी पुन्हा लढण्याची तयारी दाखवली. या वेळी मोजणी होऊ दिली गेली नाही. वाटाघाटी झाल्या, मोरारजींना उपपंतप्रधानपद आणि अर्थखाते मिळाले, आणि १२ मार्च रोजी इंदिरा गांधी बिनविरोध नेत्या झाल्या. मोरारजींना हे पद मिळाले ते १६९ मतांच्या जोरावर, यात शंका नाही. तो आकडा सगळ्यांच्या लक्षात होता. पण या सौद्यात एक माणूस नेता झाला आणि दुसरा माणूस त्याच्यावर लादला गेला, आणि खासदारांना कोणी विचारले नाही.

ते मंत्रिमंडळ दोन वर्षे चालले. १९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. जुलैमध्ये बंगळूरला संसदीय मंडळाने बहुमताने संजीव रेड्डींना उमेदवारी दिली. इंदिराजींच्या मनात जगजीवनराम होते. तिथे यशवंतरावांनी रेड्डींच्या बाजूने मत दिले, हे इंदिराजी विसरल्या नाहीत. १६ जुलैला त्यांनी मोरारजींचे अर्थखाते काढून घेतले, मोरारजींनी राजीनामा दिला, आणि १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. राष्ट्रपतीपदासाठी त्यांनी खासदार-आमदारांना ‘सदसद्विवेकाने’ मत देण्याचे आवाहन केले आणि ऑगस्टमध्ये व्ही. व्ही. गिरी विजयी झाले. १२ नोव्हेंबरला पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांच्या कार्यकारिणीने पंतप्रधानांनाच पक्षातून काढले, आणि संसदीय पक्षाने नवा नेता निवडावा असे सांगितले.

म्हणजे हाकलणाऱ्यांनाही नेता ठरवण्याचा हक्क खासदारांचा आहे हे ठाऊक होते. त्या हक्काची आठवण त्यांना सगळे हातातून गेल्यावर झाली. दोन्ही सभागृहांतल्या ४२९ काँग्रेस खासदारांपैकी ३१० इंदिराजींकडे गेले. काँग्रेसचे दोन तुकडे झाले, मोरारजी संघटना काँग्रेसमध्ये आणि यशवंतराव इंदिराजींबरोबर. १९६६ ला मतदानाने पक्ष फुटेल म्हणणारी माणसे अजून हयात होती. पक्ष मतदानाने फुटला नाही. तो १९६७ च्या बंद दाराआडच्या तडजोडीतून आणि त्यानंतर दोन वर्षे दाबून ठेवलेल्या हिशेबातून फुटला, असे माझे मत आहे.

पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये कार्यकारिणी, प्रदेश समित्या, जिल्हा समित्या वरून नेमल्या जाऊ लागल्या. १९७२ नंतर पक्षांतर्गत निवडणुका थांबल्या, त्या नरसिंह रावांच्या काळात १९९२ मध्ये तिरुपतीच्या अधिवेशनाच्या सुमारास झाल्या. वीस वर्षे एवढा मोठा पक्ष आपल्या सभासदांना न विचारता चालला. याची झळ महाराष्ट्राइतकी क्वचितच कोणाला बसली असेल. १९८० ते १९८८ या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री राज्याने पाहिले. पक्षश्रेष्ठींचे निरीक्षक विमानाने येत, आमदारांना एकेक करून खोलीत बोलावत, नेता निवडण्याचा अधिकार श्रेष्ठींना देणारा एक ओळीचा ठराव संमत होई, आणि नाव दिल्लीहून कळे. १९६४ ला कामराजांनी जे एका संकटात केले होते, त्याची ही रोजची रीत झाली होती. फरक एवढाच की कामराज निदान ऐकून घेत. ज्या विधिमंडळ पक्षाने ३३३ विरुद्ध १११ असा आपला नेता निवडला होता, त्याच परंपरेतल्या आमदारांना आता आपला मुख्यमंत्री का बदलला हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचावे लागे. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होणार हे जाहीर झाले तेव्हा खुद्द काँग्रेसवाल्यांना धक्का बसला होता. अशा मुख्यमंत्र्याला आपले आमदार जुमानत नाहीत, याचा दोष त्या माणसाला देणे बरोबर नाही. त्याच्या मागे एकही मोजलेले मत नव्हते.

मोरारजींना पंतप्रधानपद मिळाले ते १९७७ च्या मार्चमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. आणीबाणीत ते तुरुंगात होते, निवडणुकीत जनता पक्षाने काँग्रेसला झोपवले होते. नेतेपदासाठी ते, जगजीवनराम आणि चरणसिंह असे तिघे होते. खासदारांचे मतदान घेण्याऐवजी जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांनी सर्वांचे मत आजमावून निर्णय द्यावा असे ठरले. रुग्णालयात असलेल्या चरणसिंहांनी जगजीवनरामांना विरोध करून मोरारजींना पाठिंबा देणारे पत्र पाठवले आणि २४ मार्चला मोरारजींचे नाव जाहीर झाले. जगजीवनराम इतके दुखावले की ते त्या सभेला आलेच नाहीत. १९६४ ला मोरारजींना जे सलले होते, ते आता त्यांना सलत होते. किती खासदार आपल्या बाजूला होते, हे त्यांनाही कधी कळले नाही.

दोन वर्षांनी, १९७९ च्या जुलैमध्ये जनता पक्षातून खासदार गळू लागले आणि मोरारजींनी १५ तारखेला पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. संसदीय पक्षाचे नेतेपद मात्र त्यांनी लगेच सोडले नाही. नवा नेता निवडू द्या, म्हणजे सरकार पुन्हा उभे राहील, असा जगजीवनरामांचा आग्रह होता. मोरारजी अडून बसले. दोन्ही बाजूंनी राष्ट्रपतींकडे पाठिंब्याच्या याद्या गेल्या. ते राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी, १९६३ मध्ये तिरुपतीला बसलेल्यांपैकी एक. त्यांनी चरणसिंहांना बोलावले आणि २८ जुलैला चरणसिंहांनी शपथ घेतली. यशवंतराव उपपंतप्रधान झाले. त्यानंतर मोरारजी नेतेपदावरून दूर झाले आणि जनता पक्षाने जगजीवनरामांना नेता केले. २० ऑगस्टला चरणसिंहांनी लोकसभेला सामोरे न जाता राजीनामा दिला. जगजीवनराम आपला दावा घेऊन तयार होते, पण राष्ट्रपतींनी त्यांना संधी न देता २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली.